दूरची ओळख

नोकरी मिळविण्याच्या विद्येला आमच्या पूर्वजांनी चौसष्ट कलांत स्थान दिले नाही, याचे आम्हांस पुष्कळ दिवस नवल वाटत आले आहे. गायन, वादन, फुलांच्या माळा गुंफणे, इतकेच काय पण पोपटमैनांस बोलावयास शिकविणे, यांचीही ज्या यादीत गणना झाली, त्या यादीत चाकरी मिळविण्याचे नाव नसावे, याचे कारण बहुधा असे असेल की, ही कला शिकविण्याजोगी आहे असे कोणी मानलेच नव्हते. बापाची जागा मुलाकडे जाई. ज्याच्या बापाला जागा नसे, त्याच्या मामाची कोठेतरी ओळख असे. आणि ज्याला मामाही नसे, त्याने देवाचे नाव घेऊन स्वस्थ बसावे, अशी एकंदर व्यवस्था होती. शिष्ट लोक ज्या वस्तूला परिचय म्हणतात आणि इतर सर्व लोक जिला वशिला म्हणतात, ती वस्तू विद्येने संपादन करता येते, ही कल्पना अगदी अलीकडची आहे. आता ती कल्पना हातात मोबाइल घेऊन आमच्या भोंगवलीपर्यंत येऊन पोहोचली आहे, म्हणून तिजविषयी चार शब्द लिहावे असे मनात आले.

भोंगवली हे भोर तालुक्यातील गाव. पंतसचिवांचे भोर संस्थान 8 मार्च 1948 रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले, आणि दरबारी ओळखीचे जे काय महत्त्व असेल ते त्या दिवशी संपले. परंतु त्याच्याही आधीपासून आमच्या भागातील माणसाची दृष्टी भोरच्या राजवाड्यापेक्षा मुंबईच्या धुराड्यांकडे अधिक होती. घाटावरचा मनुष्य मुंबईस जाई तो पत्ता घेऊन जात नसे, तर नाव घेऊन जाई. अमक्याचा चुलता गिरणीत आहे, तमक्याचा मेव्हणा गोदीत आहे, एवढ्या भांडवलावर तो बोरीबंदरला उतरे. गावकऱ्यांच्या गाळ्यात त्याला वळकटी पसरण्यापुरती जागा मिळे, खाणावळीत उधारीवर जेवण मिळे, आणि एखाद्या सकाळी कोणीतरी त्याला गिरणीच्या फाटकाशी नेऊन जॉबरपुढे उभा करी. हा जॉबर, किंवा बायकांच्या खात्यात असेल तर नायकीण, हीच त्या काळची नोकरीची किल्ली. 1929 साली नेमलेल्या आणि 1931 साली अहवाल देणाऱ्या मजूरविषयक शाही कमिशनने या जॉबरशाहीवर कडक टीका केली. कारण कामावर घेणे, कामावरून काढणे आणि दोन्ही वेळी दस्तुरी उपटणे, हे सर्व याच एका माणसाच्या हाती होते. तरीही या व्यवस्थेत एक गुण होता, तो नाकबूल करता येणार नाही: जॉबर डोळ्यांना दिसत असे. त्याच्या पाया पडता येत असे, आणि प्रसंगी त्याला शिव्याही देता येत असत.

पुढे सरकारला वाटले की, नोकरी ही ओळखीची बाब नसून नोंदीची बाब असावी. 1959 साली मालकांनी रिकाम्या जागा कळविण्याचा कायदा झाला, आणि सेवायोजन कार्यालयातील नोंदणीचे कार्ड घरोघर रेशनकार्डाच्या शेजारी जाऊन बसले. त्याच्या जोडीला वर्तमानपत्रांतील ‘पाहिजेत’ हे सदर होतेच. 1997 साली संजीव बिखचंदानी यांनी ‘नौकरी डॉट कॉम’ सुरू करून ते सदरच संगणकात नेले. येथवरचा प्रवास ओळखीकडून जाहिरातीकडे, म्हणजे वशिल्याकडून गुणांकडे चालला आहे, असे सुधारकांस समाधान होते. इतक्यात मे 2003 मध्ये अमेरिकेत रीड हॉफमन आणि त्यांचे सहकारी यांनी ‘लिंक्डइन’ नावाचे स्थळ उघडले, आणि चाक पुन्हा उलटे फिरले. या स्थळाचा सिद्धान्त असा की, नोकऱ्यांची यादी ही दुय्यम गोष्ट असून कोण कोणाला ओळखतो ही यादी मुख्य आहे. 2016 साली मायक्रोसॉफ्ट कंपनीने ते सव्वीस अब्जांहून अधिक डॉलर मोजून विकत घेतले. ज्या वस्तूला आमचे वाडवडील चारचौघांत कबूल करावयास लाजत, त्या ओळखीच्या वहीची ही किंमत झाली.

आमच्या भोंगवलीत मात्र नोकरी शोधावयाचे मुख्य साधन लिंक्डइन नव्हे, व्हॉट्सअ‍ॅप आहे. एका सामान्य तरुणाचा मोबाइल आम्ही त्याच्या परवानगीने पाहिला. भावकीचा एक गट, गावच्या यात्रेचा एक, क्रिकेटच्या संघाचा एक, दहावीच्या वर्गमित्रांचा एक, आणि ‘नोकरीविषयक’ असे भारदस्त नाव धारण करणारे तीन गट त्यात होते. एकच जाहिरात एका सकाळी त्याला पाच ठिकाणांहून आली होती. पाच माणसांनी आपली आठवण ठेवली याचा त्याला आनंद झाला होता. परंतु पाच जणांकडून मिळून बातमी एकच आली होती, आणि ती त्याच्याबरोबर तालुक्यातील त्याच्यासारख्या सर्वांना पोहोचली होती, हे त्याच्या ध्यानात आले नव्हते.

या गोष्टीचा शास्त्रीय उलगडा मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1973 साली करून ठेवला आहे. बॉस्टनजवळील न्यूटन या गावी, ज्यांनी ओळखीतून नोकरी मिळविली होती अशा 54 लोकांस त्याने विचारले की, ज्याने तुम्हांला जागेची बातमी दिली तो मनुष्य तुम्हांला त्या सुमारास कितीदा भेटत असे? वारंवार भेटणाऱ्याकडून बातमी मिळालेले शेकडा 17 देखील भरले नाहीत. शेकडा 55 हून अधिक लोकांना ती अधूनमधून भेटणाऱ्याकडून, आणि शेकडा 28 च्या जवळपास लोकांना वर्षातून जेमतेम एकदा भेटणाऱ्याकडून मिळाली होती. कारण उघड आहे. आमचा जिवलग मित्र आमच्याच पारावर बसतो, आमच्याच एस.टी.ने जातो आणि आम्हांला ठाऊक असलेलेच त्याला ठाऊक असते. नवी बातमी असते ती दुसऱ्या पारावर. आणि तेथवर आमचा हात पोहोचतो तो अर्धवट ओळखीच्या माणसाच्या द्वारे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असे म्हणून आमच्या आज्या हसत. नोकरीच्या बाबतीत मात्र काखेत कळसा नसतोच, आणि गावाला वळसा घालणाराच शहाणा ठरतो.

याचे एक उदाहरण आमच्या आळीतच घडले. वाणिज्य शाखेची पदवी घेतलेली एक मुलगी दोन वर्षे घरी होती. तिने लिंक्डइनवर आपले खाते उघडावयाचे ठरविले, आणि तेथे जो स्वपरिचय लिहावा लागतो तो तपासून घेण्यासाठी ती आमच्याकडे आली. आधी घरात छायाचित्रावरून बराच खल झाला होता. परक्यांनी पाहावे म्हणून मुलीचे छायाचित्र लावावयाचे, ही गोष्ट वडिलांच्या गळी उतरेना. लग्नासाठी तेच छायाचित्र दहा गावांतून फिरते ते चालते, आणि पोटासाठी का चालत नाही, असे आईने विचारले, तेव्हा तो वाद मिटला. परंतु खरी अडचण पुढेच होती. तिने लिहून आणले होते की, आपण कष्टाळू, प्रामाणिक, जबाबदार आणि नवे शिकण्यास उत्सुक आहोत. हे लिहिताना ती संकोचली होती, हे अक्षरावरूनही दिसत होते.

हा संकोच तिचा एकटीचा नव्हे. भोरहून वरंध घाट उतरून गेले की शिवथरघळ लागते. समर्थांनी दासबोध तेथे सांगितला अशी परंपरा आहे, आणि त्या ग्रंथातील मूर्खलक्षणांच्या समासात आत्मस्तुतीची गणना अगदी ठळकपणे केलेली आहे. असल्या संस्कारात वाढलेल्या मुलांना, आता स्वतःची स्तुती स्वतःच, तीही जगाच्या चव्हाट्यावर आणि परकीय भाषेत करा, असे सांगणे म्हणजे मोठाच प्रसंग आहे. आम्ही तिला विचारले, “या दोन वर्षांत तू घरी बसून काय केलेस?”

ती म्हणाली, “काही नाही काका. डेअरीचा हिशेब तेवढा लिहिते.”

अधिक विचारता कळले की, सकाळसंध्याकाळ सव्वाशे घरांचे दूध, त्याची फॅट, त्याची डिग्री, दर आणि कापून घ्यावयाच्या पशुखाद्याच्या रकमा, हे सर्व ती संगणकावर मांडी आणि दर दहा दिवसांनी बिले काढी. आणि दोन वर्षांत एकही बिल उशिरा निघाले नव्हते. आम्ही म्हणालो, “ते चार गुण खोड आणि हे लिही.”

“लोक हसतील काका. डेअरीचा हिशेब म्हणजे काय नोकरी आहे?”

आम्ही तिला सांगितले ते येथेही लिहून ठेवतो. आपण प्रामाणिक आहोत असे म्हणणे ही आत्मस्तुती. आपण सव्वाशे घरांचा हिशेब दोन वर्षे चोख ठेवला असे म्हणणे हा हिशेब. समर्थांनी निषेध केला आहे तो पहिलीचा. दुसरा तर खरे-खोटे करून पाहण्यासाठी उघडा ठेवलेला असतो, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. आमच्या मुलांना स्वतःविषयी बोलता येत नाही अशी जी तक्रार ऐकू येते, तिचे मूळ पुष्कळदा एवढेच असते की, कामाविषयी बोलले तरी स्वतःविषयी बोलून होते, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

पुढची हकीकत थोडक्यात अशी. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात एकदाच भेटलेली, चार वर्षे पुढे असलेली एक विद्यार्थिनी तिला त्या स्थळावर दिसली. ती आता बंगळुरास होती. आमच्या मुलीने तिला सहा ओळी लिहिल्या. अकराव्या दिवशी उत्तर आले की, आपली एक जुनी सहकारी शिरवळच्या एका कारखान्यात आहे आणि तेथे कोठाराचा हिशेब लिहिण्यास माणूस हवा आहे. सारोळ्याचा नीरेवरील पूल ओलांडला की आमच्या पुणे जिल्ह्याची हद्द संपते आणि शिरवळ येते; महामार्गाने जाताना ते कारखाने आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहो. नदीपलीकडची ही बातमी भोंगवलीस यावयाची तर ती बंगळुरावरून आली! मुलीला ती जागा मिळाली. कराराची आहे, कायमची नाही, आणि पगारही बेताचाच आहे. दूरची ओळख दार दाखविते. दारामागची खोली किती मोठी आहे, हे तिच्या हातात नसते.

परंतु हे एवढेच लिहून थांबलो तर अर्धेच सत्य सांगितल्यासारखे होईल. त्याच सुमारास आय.टी.आय. झालेल्या एका मुलाला भावकीच्या गटातून एक निरोप आला. मोठ्या कारखान्यात पॅकिंगचे काम, पगार अठ्ठावीस हजार, राहणेजेवण फुकट. गणवेशासाठी मात्र अठराशे पन्नास रुपये आगाऊ. ते भरल्यावर फाटकाच्या पासाचे चोवीसशे आले, आणि तेही भरल्यावर तिसरी मागणी आली, तेव्हा त्याच्या मनात पाल चुकचुकली. त्या कारखान्याचा या प्रकाराशी काही संबंध नव्हता. कोणा भामट्याने केवळ नाव उचलले होते. पैशापेक्षा वाईट गोष्ट ही की, मुलाने दोन महिने घरी सांगितले नाही. रोज सकाळी तो डबा घेऊन बाहेर पडे आणि मुलाखतीस जातो असे सांगे. 1930 हा सरकारी तक्रारीचा दूरध्वनी क्रमांक आहे, आणि पैसे पुढे सरकण्यापूर्वी, म्हणजे फसवणूक होताच, कळविले तर ते अडविता येण्याचा संभव असतो. पण लाज ही तक्रारीपेक्षा मोठी असल्यामुळे तो वेळ निघून गेला.

या फसवणुकीचे मर्म कोठे आहे याचा आम्ही पुष्कळ विचार केला. जवळची ओळख विश्वास देते, पण तिच्याजवळ बातमी नसते. दूरच्या ओळखीजवळ बातमी असते, पण तिच्यावर विश्वास कसा ठेवावा हे कळत नाही. भामटा या दोहोंची गाठ मारतो. त्याची खोटी बातमी दूरवरून येते, आणि चुलतभावाने पुढे धाडली की तिच्यावर घरच्या विश्वासाचा शिक्का बसतो. बिचाऱ्या चुलतभावाने तर ती वाचलेलीही नसते. जॉबर दस्तुरी खाई, परंतु त्याच्या मागे गिरणी तरी खरी असे. या नव्या जॉबरामागे फाटकच नसते. म्हणून एक खूण मुलांच्या मनावर बिंबविली पाहिजे: नोकरी देणारा पैसे देतो, मागत नाही, मागितले की संभाषण तेथेच संपवावे.

आणि हे प्रकरण दोनचार हजारांवरच थांबते असे नाही. थायलंडात संगणकाची उत्तम नोकरी आहे असे समाजमाध्यमांवरून भुलवून भारतीय तरुणांस म्यानमारमधील फसवणुकीच्या कोंडवाड्यांत नेले जाते, असा इशारा परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर 2022 मध्ये दिला. मार्च 2025 मध्ये असल्या ठिकाणांहून सुटलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांस विमानांनी परत आणावे लागले. तेथे त्यांना करावे लागे ते काम म्हणजे दुसऱ्या कोणास तरी फसविण्याचे. नोकरीच्या शोधात निघालेल्या माणसालाच गळाचे आमिष करावयाचे, याहून क्रूर थट्टा ती कोणती?

शिवाय एक सूक्ष्म शंका उरतेच. 2022 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. लिंक्डइनच्या दोन कोटी सभासदांपुढे ‘यांना आपण ओळखत असाल’ म्हणून जी नावे येतात, त्यांत पाच वर्षे मुद्दाम फरक करून पाहण्यात आला. निष्पन्न असे झाले की, फार घट्ट आणि फार विरळ या दोहोंच्या मधली, किंचित पातळ ओळखच नोकरीस अधिक उपयोगी पडते. ग्रॅनोव्हेटरचे म्हणणे पन्नास वर्षांनी बव्हंशी खरे ठरले, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु कोणाची ओळख कोणाशी घालून द्यावयाची, हे कोठेतरी एक यंत्र ठरवीत असते, आणि त्या ठरविण्याने कोणाला नोकरी मिळते, कोणाला मिळत नाही, हेही त्याच प्रयोगाने सिद्ध झाले. हाही एक जॉबरच. फरक इतकाच की, याच्या पाया पडता येत नाही. नोकरीच्या जाहिराती वय आणि स्त्रीपुरुष पाहून निवडक लोकांनाच दाखविण्याची सोय फेसबुकवर होती. अमेरिकेतील नागरी हक्कांच्या संस्थांनी खटले भरले, तेव्हा 2019 साली तडजोड होऊन ती तेथे बंद करावी लागली. जाहिरात मिळालीच नाही, तर ती मिळाली नाही हे तरी कसे कळावे?

आपल्याकडे तर नावाआधी आडनाव वाचण्याची खोड आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सारख्याच शिक्षणाचे अर्ज निरनिराळ्या नावांनी खासगी कंपन्यांस पाठविले होते. दलित आणि मुसलमान नावांच्या अर्जांस बोलावणे कमी आले. त्या वेळी कागदावर केवळ नाव असे. आता नाव, चेहरा, गाव, शाळा आणि कोणाकोणाशी ओळख, हे सर्व प्रथमदर्शनीच समोर येते. ज्याच्या घरात पूर्वी कोणी खुर्चीवर बसलेच नाही, त्याच्या ओळखीच्या वहीची पाने कोरी असावयाचीच. 2020 पासून या स्थळावर, आपण काम शोधीत आहो असे दर्शविणारे हिरवे कडे छायाचित्राभोवती लावण्याची सोय झाली आहे. कोणाला ते लाजिरवाणे वाटते. आम्हांला त्यात लाज दिसत नाही. परंतु ते कडे पाहून पुढे सरकणाऱ्यांविषयी मात्र आम्हांस काही म्हणावयाचे आहे.

नकार मिळालेल्या मुलांना आम्ही ब्रायन अ‍ॅक्टन यांची गोष्ट सांगत असतो. 2009 साली या गृहस्थास ट्विटरने आणि फेसबुकने नोकरी नाकारली. त्यांनी ते मोकळेपणाने जगजाहीर केले आणि यान कूम यांजबरोबर व्हॉट्सअ‍ॅपचा पसारा मांडला. 2014 साली ते व्हॉट्सअ‍ॅप फेसबुकनेच सुमारे 19 अब्ज डॉलरांस घेण्याचे ठरविले. गोष्ट ऐकून मुले हसतात आणि पुन्हा त्याच व्हॉट्सअ‍ॅपवर जाहिराती पाहू लागतात. कारण एका अ‍ॅक्टनच्या गोष्टीने दहा हजार मुलांचे पोट भरत नाही, हे त्यांनाही समजते.

म्हणून शेवटचे मागणे मुलांपाशी नसून वाचकांपाशी आहे. आपणांपैकी पुष्कळांच्या घरी कोणी ना कोणी पुण्यात, मुंबईत, बंगळुरात किंवा परदेशात बऱ्या जागेवर आहे. त्याच्याकडे एखाद्या आठवड्यात कोणा अनोळखी मुलाचे पत्र येते. इंग्रजी मोडके असते, ‘आदरणीय सर’ अशी सुरुवात असते, आणि काय हवे ते नीट मांडलेले नसते. ते न वाचता पुसून टाकणे सोपे आहे. पण त्या सहा ओळी लिहावयास त्याला तीन संध्याकाळी लागल्या असतील, आणि उत्तर येते की नाही हे तो रोज पाहत असेल. त्याला नोकरी द्या असे आम्ही म्हणत नाही, शिफारस करा असेही म्हणत नाही. जागा आहे की नाही, कोठे असण्याचा संभव आहे, त्याच्या लिहिण्यात काय उणे आहे, एवढे दोन ओळींत कळविले तरी पुरे. मुंबईच्या गाळ्यात आमच्या वडीलधाऱ्यांनी, स्वतःला पाय पसरावयास जागा नसता, गावाकडून आलेल्या परक्या पोराची वळकटी आत घेतली. आजच्या वाचकाकडे तेवढीही जागा कोणी मागत नाही.